शेजाऱ्यावरील हल्ला आणि जगाचा प्रतिसाद : दक्षिण आफ्रिका व आघाडीवरील राष्ट्रे

एखाद्या देशाचे सैनिक रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडतात, शेजारच्या देशाच्या राजधानीतील काही घरांवर हल्ला चढवतात आणि उजाडण्यापूर्वी स्वदेशी परततात. युद्ध पुकारलेले नसते. कोणताही प्रदेश जिंकून घेतलेला नसतो. हल्ला करणारे सरकार दुसऱ्या दिवशी जाहीर करते की, त्याचे त्या देशाशी काही वैर नाही. तेथे आश्रयाला राहिलेल्या आपल्या शत्रूंचा तेवढा बंदोबस्त केला आहे. ज्याच्या भूमीवर हे घडले तो देश लहान असेल, त्याच्यापाशी नाव घेण्याजोगे सैन्य नसेल, तर त्याने काय करावे? आणि उरलेल्या जगाने काय करावे?

आंतरराष्ट्रीय राजनीतीत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. परंतु १९७५ ते १९८८ या काळात आफ्रिकेच्या दक्षिण भागात तो जितक्या सातत्याने आणि जितक्या विविध रूपांत उभा राहिला, तितका क्वचितच अन्यत्र राहिला असेल. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने या काळात अंगोला, मोझांबिक, लेसोथो, बोट्स्वाना, झांबिया आणि झिम्बाब्वे या देशांच्या हद्दीत लष्करी हल्ले केले. त्यांना जगाने दिलेला प्रतिसाद पाहिला, म्हणजे निषेधाचा साधा ठराव, मदत, मध्यस्थी, आर्थिक निर्बंध आणि आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील करार या साधनांचे बळ व त्यांच्या मर्यादा ध्यानात येतात.

सनद काय सांगते

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या दुसऱ्या कलमातील चौथ्या परिच्छेदानुसार कोणत्याही सदस्य राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करू नये, तशी धमकीही देऊ नये. या नियमाला सनदेने मुख्यतः दोन अपवाद मानले आहेत. सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण करण्याचा हक्क ५१ व्या कलमाने मान्य केला आहे. दुसरा अपवाद सातव्या प्रकरणाचा. शांततेला धोका निर्माण झाला आहे किंवा आक्रमण घडले आहे असा निर्णय सुरक्षा समितीने केल्यास ती आर्थिक निर्बंध लादू शकते व गरज पडल्यास लष्करी कारवाईचाही आदेश देऊ शकते.

आक्रमण म्हणजे काय, याची व्याख्या करण्यास मात्र बराच काळ लागला. १४ डिसेंबर १९७४ रोजी आमसभेने ती स्वीकारली. दुसऱ्याच्या प्रदेशावर सैन्य घेऊन चालून जाणे, बॉम्बवर्षाव करणे, बंदरांची नाकेबंदी करणे आणि सशस्त्र टोळ्या पाठवणे या कृत्यांचा तिच्यात समावेश आहे. कोणतीही राजकीय, आर्थिक वा लष्करी सबब आक्रमणाचे समर्थन ठरू शकत नाही, असेही तिच्यात स्पष्ट म्हटले आहे.

कागदावर हे सर्व निःसंदिग्ध वाटते. परंतु सुरक्षा समितीच्या पंधरा सदस्यांपैकी पाच स्थायी सदस्यांना नकाराधिकार आहे. महत्त्वाच्या विषयावरील ठरावास नऊ मते लागतात, आणि पाचांपैकी एकानेही विरोधी मत दिले तर ठराव पडतो. स्थायी सदस्य तटस्थ राहिला तर मात्र ठरावाला बाध येत नाही. नकार द्यायचा, तटस्थ राहायचे की पाठिंबा द्यायचा, या तीन पर्यायांतून मोठी राष्ट्रे आपला कल प्रकट करतात. म्हणूनच ठरावाच्या शब्दांइतकेच मतांच्या आकड्यांकडेही लक्ष द्यावे लागते.

हल्ल्यांमागील कारण

१९७४ पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या सभोवार तिला अनुकूल अशा राजवटींचे एक कडे होते. अंगोला व मोझांबिक पोर्तुगालच्या ताब्यात होते, ऱ्होडेशियात अल्पसंख्य गोऱ्यांचे सरकार होते आणि नामिबियावर स्वतः दक्षिण आफ्रिकेचा अंमल होता. हा शेवटचा अंमल बेकायदेशीर असल्याचे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्येच दिले होते. १९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली. १९७५ मध्ये मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले आणि १९८० मध्ये ऱ्होडेशियाच्या जागी झिम्बाब्वे हे राष्ट्र उदयास आले. टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना, मोझांबिक, अंगोला व झिम्बाब्वे या सहा देशांना 'आघाडीवरील राष्ट्रे' असे म्हणण्यात येऊ लागले. १९८५ पर्यंत टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे आणि त्यानंतर झांबियाचे केनेथ कौंडा यांनी त्यांचे नेतृत्व केले.

वर्णभेदाच्या जाचातून निसटलेले हजारो लोक या देशांत आश्रयाला येत. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते. तसेच आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि नामिबियातील स्वापो या संघटनांचे सशस्त्र कार्यकर्तेही होते. दक्षिण आफ्रिकेचा युक्तिवाद असा की, शेजाऱ्यांच्या भूमीचा उपयोग तिच्याविरुद्ध होत असल्याने तिला तेथे जाऊन प्रहार करण्याचा हक्क पोहोचतो. हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार घटनांवर उभा नव्हता. २० मे १९८३ रोजी प्रिटोरियात हवाई दलाच्या मुख्यालयाजवळ बॉम्बस्फोट होऊन १९ जण मरण पावले. तीनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांनी मोझांबिकमधील मातोला या उपनगरावर हल्ला केला. त्यात मुरंब्याच्या एका कारखान्यातील कामगारही बळी पडले.

तथापि आश्रय देणे म्हणजे शत्रुत्व करणे नव्हे. आफ्रिकी एकता संघटनेने १९६९ मध्ये निर्वासितांविषयी केलेल्या करारात आश्रयदान हे शांततामय व मानवतावादी कृत्य आहे, ते कोणत्याही राष्ट्राने वैरभावाचे मानू नये, असे नमूद केले होते. बोट्स्वानाने तर आपल्या भूमीचा तळ म्हणून वापर होऊ द्यायचा नाही, असे धोरणच जाहीर केले होते. म्हणजे या हल्ल्यांमागे गनिमांना मारण्यापलीकडचाही एक हेतू होता. निर्वासिताला दार उघडणे किती महाग पडते, हे शेजाऱ्यांच्या मनावर बिंबवायचे होते.

निषेधाचे ठराव

१९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे सैन्य अंगोलात खोलवर घुसले आणि मार्च १९७६ मध्ये माघारी गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ३८७ अन्वये या आक्रमणाचा निषेध केला. ठरावास नेमकी नऊ मते मिळाली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली व जपान तटस्थ राहिले. चीनने मतदानात भागच घेतला नाही.

४ मे १९७८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या छत्रीधारी सैनिकांनी अंगोलातील कासिंगा येथील स्वापोच्या छावणीवर हल्ला केला. हे ठिकाण सीमेपासून सुमारे २५० किलोमीटर आत आहे. स्वापोच्या म्हणण्यानुसार तेथे सहाशेहून अधिक माणसे मारली गेली. तो लष्करी तळ होता, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे. निर्वासितांची वसाहत होती, असे स्वापोचे. दोनच दिवसांत सुरक्षा समितीने एकमताने निषेध केला. असे पुन्हा घडल्यास सातव्या प्रकरणाखाली अधिक परिणामकारक उपायांचा विचार करू, असा इशाराही तिने दिला. त्या वेळी भारत समितीचा सदस्य होता.

तसे पुन्हा घडले. ऑगस्ट १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने दक्षिण अंगोलात मोठी मोहीम काढली. इशारा खरा करण्याची वेळ आली होती. परंतु ३१ ऑगस्ट रोजी निषेधाचा मसुदा मतास टाकला गेला, तेव्हा १३ सदस्यांनी त्यास पाठिंबा दिला, ब्रिटन तटस्थ राहिले आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरला. अंगोलात क्यूबाचे सैनिक होते. ते परत गेल्याखेरीज नामिबियाचा प्रश्न सुटणार नाही, अशी अमेरिकेच्या नव्या प्रशासनाची भूमिका होती. दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडण्यापेक्षा ते राखून तिचे मन वळवावे, असे त्या प्रशासनाचे धोरण होते. अंगोलातील ज्या खेड्यांवर बॉम्ब पडले त्यांना या जागतिक हिशेबाशी काही कर्तव्य नव्हते. तथापि त्यांच्या गाऱ्हाण्याचा निकाल त्याच हिशेबावर लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इशारा दिला आणि तो पाळला नाही, तर आक्रमकाला आपली मर्यादा कोठे आहे हे कळते. आणि ती त्याच्या अपेक्षेपेक्षा बरीच दूर असते.

मासेरू : लहान देशाची फिर्याद

लेसोथो हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. त्याला समुद्र नाही, दुसरा शेजारी नाही. त्याचे हजारो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत काम करत आणि त्यांच्या मजुरीवर देशातील असंख्य कुटुंबांची गुजराण होई. ९ डिसेंबर १९८२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांनी मासेरू या राजधानीवर छापा घालून ४२ जणांना ठार केले. त्यांपैकी ३० दक्षिण आफ्रिकेतून आलेले होते आणि १२ लेसोथोचे नागरिक होते.

लेसोथोचे राजे दुसरे मोशोएशोए न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी सुरक्षा समितीपुढे स्वतः आपल्या देशाची बाजू मांडली. १५ डिसेंबर रोजी ठराव क्रमांक ५२७ एकमताने संमत झाला. या ठरावात पूर्वीच्या ठरावांहून अधिक काही होते. दक्षिण आफ्रिकेने पुरेशी नुकसानभरपाई द्यावी, अशी मागणी त्यात होती. वर्णभेदाच्या बळींना आश्रय देण्याचा लेसोथोचा हक्क त्यात पुन्हा मान्य करण्यात आला. शिवाय निर्वासितांना ठेवून घेण्याची लेसोथोची क्षमता वाढावी म्हणून सदस्य राष्ट्रांनी त्याला आर्थिक साहाय्य करावे, असे आवाहनही होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे एक पथक लेसोथोस जाऊन आले आणि त्याच्या अहवालास सुरक्षा समितीने जून १९८३ मध्ये मान्यता दिली.

राजनैतिक प्रतिसादाची ही एक महत्त्वाची पायरी होय. आक्रमकाला शिक्षा करता येत नसेल, तरी ज्याच्यावर आघात झाला त्याला उभे राहण्यास मदत करता येते. परंतु या साधनाचीही मर्यादा पुढे दिसून आली. २० डिसेंबर १९८५ रोजी मासेरूत पुन्हा हल्ला झाला आणि नऊ जण ठार झाले. दक्षिण आफ्रिकेने आपला हात असल्याचे नाकारले. सुरक्षा समितीने पुन्हा निषेध केला. त्यानंतर लगेच, १९८६ च्या प्रारंभी, दक्षिण आफ्रिकेने लेसोथोच्या सीमा जवळजवळ बंद केल्या. अन्नधान्य व इंधन अडकून पडले. २० जानेवारी रोजी लष्कराने पंतप्रधान लेबुआ जोनाथन यांचे सरकार उलथवले, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना देशाबाहेर काढण्यात आले आणि नाकेबंदी उठली. बंदुकीने जे साधले नव्हते ते अडवलेल्या मालमोटारींनी साधले. न्यूयॉर्कमधील एकमताला ती नाकेबंदी मोडता आली नाही.

साक्षीदार नसलेला करार

संयुक्त राष्ट्रसंघाकडून संरक्षण मिळत नाही असे दिसल्यावर काही शेजारी राष्ट्रांनी आक्रमकाशी परस्पर समेट करून पाहिला. १६ मार्च १९८४ रोजी एन्कोमाटी नदीच्या काठी मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांनी अनाक्रमणाच्या करारावर सह्या केल्या. मोझांबिकने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांना थारा देऊ नये आणि दक्षिण आफ्रिकेने मोझांबिकमधील रेनामो या बंडखोर संघटनेला मदत करू नये, असे ठरले.

मोझांबिकने आपला शब्द पुष्कळ अंशी पाळला. रेनामोच्या कारवाया मात्र थांबल्या नाहीत. ऑगस्ट १९८५ मध्ये गोरोंगोझा भागातील रेनामोचा मुख्य तळ सरकारी व झिम्बाब्वेच्या सैन्याने काबीज केला, तेव्हा तेथे सापडलेल्या टिपणांवरून दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने करारानंतरही बंडखोरांशी संबंध राखल्याचे उघड झाले. या करारावर देखरेख करणारा कोणी त्रयस्थ नव्हता. दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेला आयोग होता. पण दुर्बळ पक्षाची तक्रार ऐकून सबळ पक्षाला जाब विचारील असा तिसरा कोणी नव्हता. बोट्स्वानावरही असा करार करण्यासाठी दबाव आणण्यात आला. त्याने तो मानला नाही.

गाबोरोन : पाठलागाच्या हक्काचा अस्वीकार

त्या नकाराची किंमत बोट्स्वानाला १४ जून १९८५ रोजी मोजावी लागली. त्या रात्री दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांनी गाबोरोन या राजधानीतील अनेक घरांवर छापे घातले. १२ जण मारले गेले. त्यांत एक लहान मूल होते. बोट्स्वानाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ११ लाख होती, आणि त्याचे सैन्यदल उभे राहून जेमतेम आठ वर्षे झाली होती.

एका आठवड्यात सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ५६८ एकमताने संमत केला. या वेळीही भारत समितीत होता. ठरावाने हल्ल्याला आक्रमण म्हटले, पूर्ण नुकसानभरपाई मागितली, पाहणी पथक धाडण्यास सांगितले आणि आणखी एक गोष्ट केली. शत्रूचा पाठलाग करत सीमा ओलांडण्याचा जो हक्क दक्षिण आफ्रिका सांगत असे, तो समितीने स्पष्ट शब्दांत फेटाळून लावला. असा हक्क समुद्रविषयक कायद्यात मर्यादित स्वरूपात आहे. गुन्हा करून पळणाऱ्या जहाजाचा खुल्या समुद्रात पाठलाग करता येतो, परंतु ते दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत शिरताच तो हक्क संपतो. जमिनीवर, दुसऱ्याच्या राजधानीत, त्याला मुळीच आधार नाही. हे नोंदवून ठेवणे आवश्यक होते. कारण कोणी आक्षेप न घेतलेली सबब कालांतराने रूढी बनते आणि ती इतर आक्रमकांच्याही उपयोगी पडते.

अमेरिकेने या वेळी आपल्या प्रिटोरियातील राजदूतास परत बोलावले. आदल्याच महिन्यात अंगोलातील काबिंदा येथे एका अमेरिकन कंपनीच्या तेलकेंद्राजवळ दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याचा एक अधिकारी पकडला गेला होता. राजदूताला बोलावून घेणे हे संबंध न तोडता नाराजी व्यक्त करण्याचे जुने साधन आहे. त्यामुळे हल्ले थांबत नाहीत. परंतु ज्या मित्राच्या भरवशावर आक्रमक वागत असतो तोही बिथरू लागला आहे, हे त्याला समजते.

मध्यस्थांच्या देखत

१९८५ च्या ऑक्टोबरात नासाउ येथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेने दक्षिण आफ्रिकेत वाटाघाटी घडवून आणण्यासाठी सात मान्यवरांचा एक गट नेमला. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख ओलुसेगुन ओबासांजो हे त्याचे सहअध्यक्ष होते. भारताचे माजी परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग हे त्यातील एक सदस्य होते. या गटाने तुरुंगात नेल्सन मंडेला यांची भेट घेतली, सरकारशी बोलणी केली आणि समेटाचा एक आराखडा दोन्ही पक्षांपुढे ठेवला. सरकारने मंडेलांना सोडावे, संघटनांवरील बंदी उठवावी, वसाहतींतून सैन्य काढून घ्यावे. संघटनांनी हिंसाचार स्थगित करून वाटाघाटींस बसावे, असे त्याचे सार होते.

१९ मे १९८६ रोजी गटाची सरकारी मंत्र्यांशी बैठक व्हायची होती. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेने हरारे, लुसाका व गाबोरोन या तीन राजधान्यांवर एकाच वेळी हल्ले केले. तिन्ही देश राष्ट्रकुलाचे सदस्य होते. मध्यस्थ घरात बसलेला असताना शेजाऱ्यांवर केलेला हा प्रहार होता. त्याचा अर्थ कोणालाही समजण्याजोगा होता. गट परत फिरला आणि जूनमध्ये त्याने आपला अहवाल प्रसिद्ध केला. खऱ्या वाटाघाटी करण्याची सरकारची तयारी नाही आणि परिणामकारक दबावाखेरीज ती होणारही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

सुरक्षा समितीत २३ मे रोजी निर्बंधांचा मसुदा आला, तो अमेरिका व ब्रिटन यांनी नकाराधिकार वापरून पाडला. त्याच सुमारास अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीतील संरक्षण प्रतिनिधीस देशाबाहेर काढले. म्हणजे निषेध करायचा, पण मोल पडेल असे काही करायचे नाही, ही जुनी सीमारेषा अद्याप कायम होती. परंतु ती आता टिकणारी नव्हती. समितीचे दार बंद झाल्यावर दबावाला अन्य वाटा फुटल्या. ऑगस्ट १९८६ मध्ये लंडन येथे राष्ट्रकुलातील सात देशांचे नेते भरले. त्यांत भारताचे पंतप्रधान राजीव गांधी होते. ब्रिटनखेरीज सहा देशांनी व्यापक निर्बंध लावण्याचे ठरवले. ऑक्टोबरच्या आरंभी अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष रीगन यांचा नकार दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी धुडकावून निर्बंधांचा कायदा केला. वर्णभेदाविरुद्धची लोकचळवळ हे त्याचे मुख्य कारण होते. पण मन वळवण्याच्या धोरणावरचा विश्वास डळमळीत करण्यास त्या मे महिन्यातील हल्ल्यांचाही हातभार लागला.

भारत आणि अलिप्त राष्ट्रे

दक्षिण आफ्रिकेविरुद्ध निर्बंध हा विषय भारताला नवा नव्हता. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, भारताने तिच्याशी व्यापार बंद केला होता आणि तेथील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत नेला होता. असे करणारा तो पहिला देश होता. या निर्णयात भारताने स्वतःचा व्यापार सोडला होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सप्टेंबर १९८६ मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद हरारे येथे भरली. चार महिन्यांपूर्वी ज्या शहरावर हल्ला झाला त्याच शहरात परिषद घेणे हाही एक प्रतिसादच होता. तेथे 'आफ्रिका निधी' स्थापन झाला आणि त्याच्या समितीचे अध्यक्षपद भारताकडे आले. निधीच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचा अर्थ आक्रमण, वसाहतवाद आणि वर्णभेद यांच्या प्रतिकारासाठी कृती असा होतो. आघाडीवरील राष्ट्रांचे दक्षिण आफ्रिकेवरील अवलंबन कमी करणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता.

हे अवलंबन हाच दुखण्याचा मूळ भाग होता, हे लेसोथोच्या उदाहरणावरून आपण पाहिले. भूवेष्टित देशांचा बराचसा माल दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने व बंदरांतून जात असे. म्हणूनच १ एप्रिल १९८० रोजी लुसाका येथे नऊ देशांनी विकासातील सहकार्यासाठी एक परिषद स्थापन केली होती. झिम्बाब्वेपासून मोझांबिकच्या बैरा बंदरापर्यंतचा लोहमार्ग दुरुस्त करणे हे तिच्या मोठ्या कामांपैकी एक. रेनामोचे बंडखोर हा मार्ग वारंवार उखडत आणि झिम्बाब्वेचे सैनिक त्यावर पहारा देत. रूळ, पूल आणि बंदरातील धक्के यांची दुरुस्ती ही कामे राजनीतीच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीत. परंतु हल्ला झालेल्या देशाला ताठ मानेने नकार देण्याचे बळ अशाच गोष्टींतून येते.

हल्ले कसे थांबले

१९८७ च्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेचे सैन्य पुन्हा अंगोलात उतरले आणि कुइतो कुआनावाले या गावाभोवती दीर्घकाळ लढाई झाली. स्वतः अध्यक्ष बोथा अंगोलाच्या भूमीवर जाऊन आपल्या सैनिकांना भेटले. त्याचाही निषेध सुरक्षा समितीने नोव्हेंबरमधील ठराव क्रमांक ६०२ मध्ये एकमताने केला. या लढाईत दक्षिण आफ्रिकेचे आकाशातील जुने वर्चस्व राहिले नाही. याचे एक कारण दहा वर्षे मागे शोधावे लागते. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ४१८ अन्वये दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे पुरवण्यावर बंधनकारक बंदी घातली होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एखाद्या सदस्यावर अशी बंदी पहिल्यानेच घातली जात होती आणि शेजाऱ्यांवरील हल्ल्यांचा उल्लेख त्या ठरावात होता. बंदीला पळवाटा पुष्कळ होत्या. दक्षिण आफ्रिकेने तोफा व दारूगोळा स्वदेशीच तयार केला. मात्र आधुनिक लढाऊ विमाने तिला बनवता आली नाहीत आणि जुनी नष्ट झाल्यावर त्यांच्या जागी नवी आणता आली नाहीत.

युद्धाचा खर्च, कर्जबाजारीपणा, निर्बंध आणि क्यूबाची वाढलेली फौज यांमुळे दक्षिण आफ्रिका वाटाघाटींस आली. सोव्हिएत संघ व अमेरिका यांचे संबंध सुधारू लागल्याने त्यांनीही आपापल्या मित्रांना समेटाकडे वळवले. २२ डिसेंबर १९८८ रोजी अंगोला, क्यूबा व दक्षिण आफ्रिका यांनी न्यूयॉर्क येथे करार केला. एन्कोमाटीच्या करारात जी उणीव होती ती येथे भरून काढली होती. क्यूबाचे सैनिक परत जातात की नाही, हे संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक मोजून पाहणार होते. ते काम मे १९९१ मध्ये मुदतीपूर्वी पुरे झाले. नामिबियात १९७८ पासून कागदावर पडून असलेल्या योजनेनुसार संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या. तेथील शांतिसेनेचे प्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेमचंद हे होते. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मंडेलांची सुटका झाली आणि संघटनांवरील बंदी उठली. राष्ट्रकुलाच्या गटाने चार वर्षांपूर्वी मांडलेला आराखडा याहून फारसा वेगळा नव्हता.

प्रतिसादाचे मोल

या चार वर्षांचा आणि त्यापूर्वीच्या दहा वर्षांचा हिशेब फार मोठा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अंदाजानुसार १९८० ते १९८८ या काळात युद्ध व अस्थिरता यांमुळे या प्रदेशात सुमारे १५ लाख माणसे मृत्यू पावली आणि ६० अब्ज डॉलरांचे नुकसान झाले. त्यांत बंदुकीने मेलेल्यांपेक्षा उपासमारीने व उपचारांअभावी मेलेली मुले पुष्कळ होती. जगाचा प्रतिसाद खंबीर होण्यास जो विलंब लागला, त्याची किंमत ठराव लिहिणाऱ्यांनी मोजली नाही. ती खाणींतील मजुरांच्या बायकांनी, बंद पडलेल्या शाळांतील मुलांनी आणि सीमेवरच्या खेड्यांनी मोजली.

म्हणून निषेधाचे ठराव व्यर्थ होते असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांनी घटनांची अधिकृत नोंद केली, आक्रमकाची सबब कायद्यात शिरू दिली नाही आणि आश्रय देणाऱ्या देशाचा हक्क शाबूत ठेवला. पुढे वर्णभेदाच्या अंतानंतर दक्षिण आफ्रिकेच्याच सत्य व समेट आयोगाने देशाबाहेर झालेल्या या अत्याचारांची चौकशी केली आणि त्यांची जबाबदारी जुन्या राजवटीवर ठेवली. ज्या हल्ल्यांना तेव्हाचे सरकार स्वसंरक्षण म्हणत होते, त्यांच्याविषयी अखेर त्याच देशाच्या आयोगाने वेगळा निर्वाळा दिला.

परंतु केवळ शब्दांनी एकही छापा थांबला नाही, हेही तितकेच खरे. जेथे प्रतिसाद देणाऱ्याने स्वतः काही सोसले, म्हणजे व्यापार सोडला, शस्त्रे विकण्याचा फायदा सोडला, मित्राची नाराजी ओढवून घेतली, लोहमार्गासाठी पैसा दिला किंवा देखरेखीसाठी माणसे पाठवली, तेथेच त्याचा प्रभाव पडला. तोही बहुधा उशिरा. एखाद्या बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या शेजाऱ्यावर हल्ला केल्याचे वृत्त आले आणि त्यासोबत निरनिराळ्या राजधान्यांतून निघालेली पत्रके वाचावयास मिळाली, म्हणजे वाचकाने दोन गोष्टी पाहाव्यात. पत्रक काढणारे राष्ट्र त्यासाठी स्वतःचे काय सोडावयास तयार आहे? आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या हाती उद्या सकाळी त्यामुळे काय पडणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर पत्रकाच्या भाषेचा कडकपणा फारसा विचारात घेण्याची गरज उरत नाही.